मोठ्या कंपनीत लागताय? कोल्हापूरच्या एमआयडीसीतले नेहमीचे प्रश्न

मी शिरोलीतल्या एका मोठ्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, मेल्टिंगला आहे. सुरुवात उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये झाली, मग दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत चार वर्षं ठेकेदाराकडं काढली, आणि मग इथं. गावात आयटीआयचा निकाल लागला की संध्याकाळी आमच्या सोप्यात माणसं येतात. पोरगा गप्प असतो, बाप विचारतो. चहा संपेपर्यंत प्रश्न ठरलेलेच. म्हणून एकदा नीट लिहून काढलं. ज्या कंपन्यांत मला किंवा सोबतच्यांना वाईट अनुभव आले, त्यांची नावं इथं शोधू नका. चांगल्यांचीही नाहीत, कारण दर दोन वर्षांनी मॅनेजर बदलतो आणि त्याच्याबरोबर कंपनीही.

मोठ्या कंपन्या नक्की आहेत कुठं?

तीन ठिकाणी. महामार्गावर पंचगंगेच्या पलीकडं शिरोली, शहराच्या दक्षिणेला उजळाईवाडी विमानतळाजवळ गोकुळ शिरगाव, आणि त्याच्याही पुढं कागल-हातकणंगले पंचतारांकित. 'पंचतारांकित' ऐकून आमच्या आत्याला वाटलं होतं भाचा हॉटेलात लागला.

उद्यमनगर या सगळ्यांच्या आधीचं. उसाचे चरक आणि ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता स्वतःच ती बनवायला लागलेले मिस्त्री, ही इथल्या उद्योगाची मुळं. आज मुख्य काम कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं: गाड्या आणि ट्रॅक्टरचे सिलिंडर ब्लॉक, हेड, हाउसिंग, ब्रेक ड्रम, पंपांच्या बॉड्या. त्याला लागून मशीन शॉप. कोल्हापुरात 'इंजिनिअरिंग कंपनी' म्हटलं की दहातल्या सात वेळा फाउंड्री किंवा फाउंड्रीचा माल घासणारी कंपनी समजायची.

बोर्ड मोठा आहे, म्हणजे नोकरी पक्की ना?

हाच तो प्रश्न, ज्याच्यासाठी बाकी सगळं लिहितोय.

बोर्ड बघू नका. तुमचं नाव कुणाच्या मस्टरवर आहे ते बघा. एकाच गेटमधून, एकाच रंगाचा शर्ट घालून चार प्रकारची माणसं आत जातात. पर्मनंट. निश्चित मुदतीवर घेतलेला. ठेकेदाराचा. आणि ट्रेनी किंवा ॲप्रेंटिस. चौघंही एकाच मशीनवर उभे असतात, एकाच कँटीनमध्ये जेवतात, आणि गावात चौघंही "मी अमुक कंपनीत हाय" म्हणूनच सांगतात. पगाराच्या दिवशी मात्र चौघांचे चार चेहरे.

माझं सांगतो. २००३ ते २००७ मी एका नावाजलेल्या कंपनीत होतो. घरच्यांनी पेढे वाटले होते. दर अकरा महिन्यांनी ठेकेदाराच्या फर्मचं नाव बदलायचं. माणूस तोच, मुकादम तोच, माझी जागा तीच, फक्त हजेरी कार्डावरचं वरचं नाव नवीन. तेव्हा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, नव्हता. चार वर्षांत माझे पीएफचे तीन नंबर झाले, आणि त्यातल्या एका नंबरावर सात महिने पैसेच भरलेले नव्हते. पगारातून कापून मात्र घेतलेले. कंपनीच्या टाईम ऑफिसला गेलो तर म्हणाले, "तुम्ही आमचे नाही, ठेकेदाराला विचारा." ठेकेदार म्हणाला, "बघूया की." ते पैसे मिळवायला मला दीड वर्ष लागलं.

नंतर कळलं की ठेकेदारानं पगार बुडवला तर देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, असं १९७० च्या ठेका कामगार कायद्यातच होतं, आणि नव्या कामगार संहितेतही आहे. 'आमचे नाही' हे उत्तर चालत नाही. पण हे बावीस वर्षांच्या पोराला कोण सांगणार?

म्हणून पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारा. नेमणूकपत्र कुणाच्या लेटरहेडवर मिळणार? पीएफ कुणाच्या कोडमध्ये भरणार? पगार कुणाच्या खात्यातून येणार? तिन्हींचं उत्तर एकच नाव असेल तर ठीक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या, जुने २९ कायदे त्यात गेले. त्यांनुसार नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. मागताना लाजू नका. "नंतर देतो" म्हणाले तर आठवड्यानं परत मागा.

पर्मनंट कधी करतात?

खरं उत्तर असं की ठरलेला काळ नसतो. दोन वर्षांत झालेले आहेत, नऊ वर्षं ट्रेनीच्या निरनिराळ्या नावांखाली राहिलेलेही आहेत. त्यातल्या त्यात एक खूण सांगतो. आत गेल्यावर बघा, गेल्या तीन वर्षांत किती जणांना पर्मनंट केलं. हा आकडा एचआर सांगणार नाही, कँटीनवाला सांगेल.

निश्चित मुदतीच्या करारावर असाल तर पूर्वीइतकं वाईट नाही. नव्या संहितेनुसार त्यांना पर्मनंटसारख्याच सुविधा द्याव्या लागतात आणि एक वर्ष भरलं की त्या प्रमाणात ग्रॅच्युइटीही.

कुठलं डिपार्टमेंट चांगलं?

बाप लोकांना वाटतं कंपनी निवडायची असते. खरं तर डिपार्टमेंट निवडायला मिळालं पाहिजे, ते मिळत नाही.

मेल्टिंग, म्हणजे आमचं. इंडक्शन भट्टी, चौदाशे अंशाच्या आसपासचं लोखंड. उष्णता भयंकर, पण काम डोक्याचं. केमिस्ट्री सांभाळायची, सँपल लॅबला पाठवायचं, रिपोर्ट आला की कार्बन-सिलिकॉन ॲडजस्ट करून हीट, म्हणजे भट्टीतलं तयार लोखंड, सोडायची. इथं सगळ्यात मोठी भीती उष्णतेची नसते, पाण्याची असते. ओलं स्क्रॅप वितळलेल्या लोखंडात पडलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि लोखंड वर उडतं. दोन्ही तोंडं बंद असलेला पाइपचा तुकडा किंवा जुना शॉकॲब्सॉर्बरही तसाच फुटतो. कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत स्क्रॅप यार्डावर छप्पर आहे की नाही, एवढं बघितलं तरी त्या कंपनीला माणसाची किंमत किती आहे ते कळतं. मी नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात दुसरं काही शिकवत नाही, फक्त स्क्रॅप बघायला शिकवतो.

आणखी एक. भट्टीवर टेरिकॉटची पँट घालून येऊ नका. ठिणगी पडली की सुती कापड जळतं, टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं.

मोल्डिंगला आता बहुतेक ठिकाणी हाय प्रेशर लाइन आहे. पूर्वी हातानं साचे ठोकणारे वस्ताद असायचे, आता लाइनच्या वेगाबरोबर धावायचं. मिनिटाला इतके साचे म्हणजे इतके. लाइन थांबली की वरून फोन.

कोअर शॉपला कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे बनतात. रेझिनचा वास असतो, डोळे चुरचुरतात. पण काम बसून, हाताचं, बारकाईचं.

फेटलिंग, म्हणजे कास्टिंगवरचा जादा भाग घासून साफ करणं, सगळ्यात खालचं समजलं जातं, पैसेही बहुधा सगळ्यात कमी, आणि अंगावर येणारं काम सगळ्यात जास्त. ग्राइंडर, आवाज, धूळ, कंपन. फेटलिंगला टाकलं तर घाबरून पळू नका, पण सहा महिन्यांनी बदली मागायला विसरू नका. मी बघितलंय, जो मागत नाही तो तिथंच म्हातारा होतो.

मशीन शॉप म्हणजे सीएनसी, व्हीएमसी, कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं. फरशी स्वच्छ, मोबाइलवर फोटो काढून पाठवता येईल अशी जागा (मोबाइल आत नेऊ देत नाहीत, ते वेगळं). लग्नाच्या बाजारात 'सीएनसीवर आहे' याला भाव आहे. पण फक्त जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावायचा, बटण दाबायचं, जॉब काढायचा, एवढंच करत पाच वर्षं गेली तर तुम्ही ऑपरेटरच राहता. सेटिंग शिका, ऑफसेट शिका, ड्रॉइंग वाचा. सेटरला बाहेर मागणी असते, बटण दाबणाऱ्याला नसते.

मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन, फिटर. शिव्या सगळ्यात जास्त, आणि नोकरी सगळ्यात टिकाऊ.

फाउंड्रीत धुळीवर गूळ खायला देतात. त्यानं छाती साफ होते ना?

गूळ आपला कोल्हापूरचा आहे, खा. पण छातीसाठी नको.

साच्याची वाळू सिलिकाची असते. साचा फोडताना, शॉट ब्लास्टिंग आणि ग्राइंडिंगला तिचा इतका बारीक भुगा उडतो की डोळ्यांना दिसतही नाही. तो फुप्फुसात जाऊन बसला की सिलिकोसिस होतो. हळूहळू, दहा-पंधरा-वीस वर्षांत. झालेला बरा होत नाही. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनळीतून फुप्फुसात. वाटाच वेगळ्या. हे माझ्या चुलत्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. तीस वर्षं फेटलिंगला होते, रुमाल बांधायचे आणि खडा तोंडात ठेवायचे. शेवटची चार वर्षं जिना चढता येत नव्हता.

रुमाल चालत नाही. धुळीचा मास्क मागा, ओला किंवा मळका झाला की दुसरा मागा. वर्षाची तपासणी होते तेव्हा छातीचा एक्स-रे आणि फुंकून बघायची चाचणी खरंच केली का बघा, नुसतं वजन-उंची लिहून सही घेणारेही आहेत. रिपोर्टची प्रत घरी ठेवा. सिलिकोसिस हा कायद्यानं कळवणं बंधनकारक असलेला व्यावसायिक आजार आहे, त्यामुळं प्रत असली की पुढं भांडता येतं.

कानाचंही तेच. आठ तासांसाठी नव्वद डेसिबल ही मर्यादा, ग्राइंडरजवळ ती सहज ओलांडते. आमच्याकडची निम्मी माणसं घरी टीव्ही मोठ्यानं लावतात, त्याचं कारण हौस नाही.

पाळ्या कशा असतात?

सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. कुठं अर्धा तास पुढंमागं. आठवड्यानं किंवा पंधरवड्यानं पाळी बदलते. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं धरू नका.

पहिली पाळी शेतकऱ्याच्या पोराला सोपी, पहाटे उठायची सवय असतेच. दूध डेअरीला घालून येणारेही आहेत. तिसरी अंगाला लागायला महिना जातो. रात्रीच्या वीजदरात सवलत असायची त्या काळात भट्ट्या रात्रीच जास्त चालायच्या, माझी अर्धी उमेद तिसऱ्या पाळीतच गेली. दिवसा झोपायचं तर घरच्यांना सांगून ठेवा. गावात दिवसा झोपलेल्या माणसाला आळशी समजतात, आणि कुणीतरी हाक मारतंच.

खरा धोका मात्र दुसऱ्या पाळीत. रात्री अकराला सुटून मोटरसायकलवरून घरी. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर. भट्टीवर भाजलेल्यांपेक्षा ट्रॉलीला धडकून गेलेले सोबती माझ्या ओळखीत जास्त आहेत. कंपनीची बस असेल तर पैसे कापू देत, बसनंच या.

अठरा हजार सांगितले होते, हातात पंधरा-सोळाच आले. कुणी खाल्ले?

बहुतेक वेळा कुणी नाही. हिशेब असा. समजा एकूण पगार १८,०००, त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १५,०००. पीएफ १२ टक्के म्हणजे १,८०० गेले. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, एकूण पगारावर ०.७५ टक्के, म्हणजे १३५. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. राहिले १५,८६५. त्यातून कँटीन आणि बस.

पीएफचे १,८०० तुमचेच आहेत, शिवाय कंपनीही तेवढेच भरते. पण कंपनीच्या १,८०० मधले १,२५० पेन्शन खात्यात जातात, पीएफमध्ये ५५०. पासबुकात कंपनीची रक्कम कमी दिसते म्हणून दरवर्षी कुणीतरी टाईम ऑफिसात भांडतो. त्याचं उत्तर हे.

गडबड कुठं असते? 'सीटीसी', म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा सगळा खर्च, सांगून कंपनीचा हिस्साही तुमच्या पगारात मोजतात तिथं. आणि बेसिक मुद्दाम कमी दाखवून बाकी भत्त्यांत ढकलतात तिथं, म्हणजे पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी सगळंच कमी होतं. नव्या संहितेत भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा, अशी व्याख्या आली आहे. त्यामुळं हातातली रक्कम थोडी घटली तरी लगेच ओरडू नका, आधी पगार स्लिप वाचा. स्लिपच मिळत नसेल तर मात्र ओरडा.

ओटीचे, म्हणजे जादा तासांचे, पैसे किती मिळायला पाहिजेत?

दुप्पट. महिना १५,६०० असेल तर २६ दिवस आणि आठ तास धरून तासाचे ७५ होतात, ओटीचे १५०. ठेकेदार ७५ नं देतात आणि वर "काम देतोय की" म्हणतात. काही ठिकाणी ओटी स्लिपवर येतच नाही, पाकिटातून येते. पाकिटातले पैसे गोड लागतात, पण त्या तासांत बोट गेलं तर तुम्ही तिथं होता हे सिद्ध करायला कागद नसतो.

भात कापणीला, जत्रेला सुट्टी मिळते का?

मागायची पद्धत असते. कारखाना कायद्यात वर्षाला २४० दिवस भरले की वीस दिवसांमागं एक भरपगारी रजा असं होतं. नव्या संहितेत २४० चे १८० दिवस झाले. ही रजा आहे, उपकार नाही. पण शिरोलीत काम करणारा निम्मा स्टाफ एकाच सुगीला, एकाच जोतिबाच्या यात्रेला आणि एकाच गणपती विसर्जनाला रजा मागतो, तेव्हा सुपरवायझरचंही ऐकून घ्या. त्याला लाइन चालवायची असते, आणि त्याच्याही शेतात भात उभं असतं.

न सांगता दांडी मारू नका. ट्रेनीच्या फायलीत कामाचं कौतुक लिहिलेलं मी कधी बघितलं नाही, दांड्या मात्र तारखेसकट लिहिलेल्या असतात. खंडेनवमीला मशीनची पूजा असते, त्या दिवशी घरच्यांना आत आणू देतात. आईला आणा.

पूर आला तर?

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. शिरोलीत काम करणारा, नदीच्या अलीकडं राहणारा प्रत्येक जण जुलैत हा आकडा सकाळ-संध्याकाळ बघतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं आणि वाहतूक काही दिवस बंद राहिली. हातकणंगले, वडगावकडची माणसं येऊ शकत होती, शहराकडची आणि आमच्या गावची नाही.

भट्टीला मधेच सोडून जाता येत नाही. आत लोखंड असताना वीज गेली आणि माणूस नसला तर ते आतच थिजतं, मग भट्टीच्या आतल्या अस्तरासकट फोडून काढावं लागतं. म्हणून २०२१ ला आमची पाळी आतच अडकली. तीन रात्री कँटीनमध्ये झोपलो. जेवण कंपनीनं दिलं, चांगलं दिलं. पण घरी गोठ्यात पाणी आलं होतं आणि म्हशी सोडायला मी नव्हतो. त्या तीन दिवसांची हजेरी पूर्ण लागली का, हा प्रश्न विचारायला मला नंतर लाज वाटली नाही. लागली होती.

अपघात झाला तर खर्च कोण करतं?

पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय. तुमचं, बायकोमुलांचं आणि अवलंबून असलेल्या आईवडलांचं औषधपाणी त्यात येतं. आजारपणाच्या रजेत सत्तर टक्के वेतन, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत नव्वद टक्के. घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही कामावरचा धरला जातो, हे फार जणांना माहीत नसतं. वर ट्रॉलीचं लिहिलं आहे, तिथं हे लक्षात ठेवा.

"अपघात घरी झाला असं लिही, पैसे आम्ही बघतो" असं कुणी म्हणालं तर लिहू नका. कितीही जवळचा साहेब असो. शून्य अपघाताच्या बोर्डवरचा आकडा त्यांना सांभाळायचा असतो. एका पोरानं असं लिहून दिलं. त्याच्या हाताच्या तीन बोटांचा हिशेब अजून कुठंच नाही.

मुलीला पाठवलं तर चालेल का?

चालेल. कोअर शॉप, इन्स्पेक्शन, असेंब्ली, सीएनसीला आता बऱ्याच मुली आहेत, आणि इन्स्पेक्शनमध्ये त्यांच्या हातून खराब माल सुटत नाही हे मी क्वालिटीचा वैरी असूनही सांगतो. रात्रपाळीला त्यांची संमती लागते आणि ने-आण, सुरक्षा कंपनीनं बघायची असते. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा आहे. पगार २५,००० पर्यंत असेल तर व्यवसाय कर नाही. जायच्या आधी दोन गोष्टी बघून या: बस दारापर्यंत येते का, आणि शॉपजवळ बायकांचं स्वच्छतागृह आहे का. ऑफिसजवळ सगळीकडं असतं. शॉपजवळ विचारा.

बाहेरच्या राज्यांतल्या पोरांमुळं आपल्याला काम मिळत नाही, खरं का?

२०२० च्या लॉकडाऊनला बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची माणसं गावी गेली तेव्हा मोल्डिंग आणि फेटलिंगच्या जागा रिकाम्या पडल्या. कंपन्यांनी गावोगावी निरोप पाठवले. आमच्या गावातून अकरा जण गेले. महिन्यानं दोघं राहिले. यापेक्षा जास्त मी काही बोलत नाही. आता आमच्याकडं सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आणि नंतर खंडेनवमी, दोन्ही होतात. प्रसाद दोन्हीकडचा खातो.

डिप्लोमा किंवा बीई झालंय. कोल्हापूर की चाकण?

पुण्यात आकडा मोठा दिसतो. त्यातून खोलीचं भाडं, मेस आणि दर पंधरवड्याला गावी येण्याचा खर्च वजा करा, मग बोला. तरीही मी म्हणेन, पोरगं धडपड्या असेल तर चार वर्षं बाहेर जाऊ दे. इथं इंजिनिअर ट्रेनीला पहिली दोन वर्षं साहेब म्हणतात आणि वागवतात हेल्परसारखं, रिजेक्शनचे आकडे भरायला. कास्टिंगमध्ये मुरायचं असेल तर मात्र कोल्हापूरसारखी शाळा नाही. ब्लो होल, म्हणजे कास्टिंगमध्ये हवेनं पडलेलं भोक, कशानं आला हे एक्सेल शीटमध्ये कळत नाही, मोल्डिंगच्या जुन्या माणसाशेजारी उभं राहून कळतं. डिग्री घरी ठेवून त्याच्याशेजारी उभा राहणारा इंजिनिअर मी बावीस वर्षांत चार-पाचच बघितले. ते सगळे आज मोठ्या जागी आहेत.

युनियनमध्ये जावं का?

पर्मनंट झाल्यावर जालच. तीन-चार वर्षांनी करार होतो, पगारवाढ तिथं ठरते. करारात वाढीबरोबर उत्पादनाचा आकडाही वाढवलेला असतो, पेढा खायच्या आधी तो वाचा. ठेकेदाराच्या माणसाचं युनियन फारसं बघत नाही, ही आमची चूक आहे.

ओळख लागते का? कुणीतरी पैसे मागतोय.

ओळख उपयोगी पडते, गेटपर्यंत. पैसे देऊ नका. पैसे घेऊन लावणारा फक्त ठेकेदाराच्या मस्टरवरच लावू शकतो, आणि तिथं फुकट लागता येतं.

कागदपत्रं काय लागतात?

आधार, बँक पासबुक, निकाल, फोटो, वैद्यकीय तपासणी. अडचण कागद नसण्याची नसते, नाव न जुळण्याची असते. आधारवर नाव-वडील-आडनाव, आयटीआयच्या निकालावर आडनाव आधी, बँकेत वडलांचं नावच नाही, जन्मतारीख शाळेत घातलेली वेगळी. लागताना कुणी विचारत नाही. दहा वर्षांनी पीएफ काढायला गेलं की अर्ज परत येतो. लागायच्या आधी सगळीकडं एकच नाव आणि एकच तारीख करून घ्या. यूएएन आयुष्यभर एकच ठेवा, नवी कंपनी "नवीन काढतो" म्हणाली तरी जुना द्या.

मंदी आली की काढतात का?

२०१९ ला गाड्यांचा खप पडला तेव्हा आधी ओटी बंद झाली, मग तिसरी पाळी, मग ठेकेदाराची माणसं. पर्मनंटला आठवड्यात दोन दिवस बसवून ठेवलं. क्रम नेहमी हाच असतो. ओटीच्या भरवशावर गाडीचा हप्ता घेऊ नका.

सोडताना काय बघायचं?

अनुभवाचा दाखला, रिलीव्हिंग लेटर, आणि पीएफमध्ये सोडल्याची तारीख भरली का ते. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी: शेवटचा बेसिक-डीए २०,००० आणि नोकरी दहा वर्षं असेल तर १५ दिवस भागिले २६ या हिशेबानं १,१५,३८४ रुपये होतात. ते मागावे लागतात, आपणहून देणारे कमी.

आणि प्रत्येक नोकरी सोडताना पीएफ काढून मोटरसायकल घेऊ नका. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी जोडलेली लागते, पैसे काढले की ती साखळी तुटते. पाच वर्षांच्या आत काढले तर करही लागतो. ट्रान्सफर करा. मी ठेकेदाराकडचे तीन नंबर जोडून घेतले म्हणून आज माझ्या पासबुकात ती चार वर्षं आहेत, नाहीतर ती मी केलीच नव्हती असं झालं असतं.

पहिल्या दिवशी डबा न्यायचा का?

न्या. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असली की नव्या संहितेनुसार कँटीन द्यावंच लागतं, पण नवीन माणसाचं कूपन निघायला दोन-तीन दिवस जातात. भाकरी एक जास्त बांधा. शेजारी बसणारा पहिल्यांदा गाव विचारतो आणि दुसऱ्यांदा डब्यात काय आहे ते.